जड सर्व्हर रेलवर चढवताना

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती ओळीनं उभ्या आहेत. आत शिरलेला प्रत्येक सर्व्हर कुणीतरी उचलून रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उभ्या लोखंडी चौकटीत, बसवलेला असतो, आणि ते काम दिसतं तितकं साधं नसतं. दोन यूचा (यू हे रॅकमधल्या उंचीचं एकक) सर्व्हर डिस्क भरून ३० ते ३५ किलो भरतो. वरून डिस्क घालायची चार यूची साठ डिस्कची पेटी शंभर किलोच्या घरात जाते. एनव्हिडियाचा डीजीएक्स एच१०० हा एआयचा सर्व्हर आठ यूचा, वजन १३०.४५ किलो आणि खोली जवळजवळ ९०० मिलिमीटर. सरकत्या रेलवर, म्हणजे रॅकमध्ये दोन्ही बाजूंना लावलेल्या पट्ट्यांवर, बसणाऱ्या यंत्रांचं सगळं वजन त्या दोन पट्ट्यांवरच येतं, आणि त्या पट्ट्यांची जाडी अर्ध्या इंचाहूनही कमी असते.

नवीन मुलं कामाला येतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष उचलण्याकडे असतं. खरं तर काम बिघडतं ते त्याच्या बरंच आधी, रिकाम्या रॅकमध्ये रेल लावताना. ते उघडं पडतं मात्र सर्व्हर हातात असताना, म्हणजे सगळ्यात नको त्या वेळी. म्हणून इथे रॅक आणि रेल यांवरच जास्त लिहितो आहोत.

रॅकची मापं ईआयए-३१० या मानकातून येतात. पुढच्या पॅनेलची रुंदी ४८२.६ मिमी, म्हणजे १९ इंच. डाव्या-उजव्या पोस्टवरच्या (उभ्या खांबांवरच्या) भोकांच्या मध्यांमधलं अंतर ४६५.१ मिमी. दोन पोस्टच्या मधली मोकळी जागा किमान ४५० मिमी. आता सर्व्हरच्या पेटीची रुंदी पाहा: ती साधारण ४३४ ते ४३७ मिमी असते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम १३ ते १६ मिमी उरतात आणि त्यातूनच रेलचे सरकणारे भाग आत-बाहेर व्हायचे असतात. एवढ्या सांदीत रॅक दोन-तीन मिलिमीटरनं जरी तिरका असला तरी रेल अडकते. ती अडकली की लोक रेलला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष रॅकचा असतो.

त्यामुळे सर्व्हरचा खोका उघडण्याआधी रॅक तपासायचा. चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत चारही पाय खाली घ्यायचे, म्हणजे भार चाकांवर न राहता पायांवर येतो. स्पिरिट लेव्हल आधी आडवी, मग पोस्टला टेकवून उभी लावायची आणि रॅक ओळंब्यात आणायचा. त्यानंतर टेपनं पुढच्या दोन पोस्टमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजायचं. मागच्या पोस्टचंही तसंच. शेवटी पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. रॅक शेजारच्या रॅकला बोल्टनं जोडलेला असेल तर ही मोजणी जोडल्यानंतर पुन्हा करावी लागते, कारण घाईत आवळलेला एखादा बोल्ट चौकट ओढून घेतो. हे सगळं अर्ध्या तासात होतं आणि त्या अर्ध्या तासाला पर्याय नाही.

पुढच्या आणि मागच्या पोस्टमधलं अंतर हा दुसरा मुद्दा. बऱ्याच सरकत्या रेल साधारण ६१० ते ९१४ मिमी, म्हणजे २४ ते ३६ इंच, या टप्प्यात लांब-आखूड होतात. आम्हाला ७४० मिमीच्या आसपासचं अंतर सोयीचं वाटतं, कारण बहुतेक कंपन्यांच्या रेल तिथे मधल्या लांबीवर बसतात. तरी त्या मॉडेलच्या रेलचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप आधी वाचावं. रॅकमध्ये दहा सर्व्हर चढल्यावर मागची पोस्ट दोन इंच सरकवायची वेळ आली तर दहाच्या दहा खाली उतरवावे लागतात. मागच्या कोपऱ्यात उभी पीडीयू (वीज वाटणारी प्लगची पट्टी) असते, तीही याच वेळी बघायची. रेलचं मागचं टोक पोस्टच्या मागे काही सेंटिमीटर बाहेर येतं आणि केबलचा हात (मागच्या केबल धरून ठेवणारा घडीचा हात) त्याच टोकाला लागतो. ६०० मिमी रुंद रॅकमध्ये दोन्ही बाजूंना पीडीयू असतील तर हात आणि प्लग यांची टक्कर होते. खोल सर्व्हरसाठी ८०० मिमी रुंद आणि १२०० मिमी खोल रॅक मागावा, असं आम्ही ग्राहकाला सुरुवातीलाच सांगतो.

आता भोकं. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी आणि त्यात तीन भोकं. भोकांमधली अंतरं मात्र सारखी नाहीत: १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिमी. हे १२.७ चं आखूड अंतर दोन यूंच्या मध्ये येतं, म्हणजे यूची हद्द बरोबर त्या दोन जवळच्या भोकांच्या मधोमध असते. पोस्टवर आकडे छापलेले नसले तरी ही जवळची जोडी बोटानं चाचपून हद्द सापडते. समोरून बघून मागचं भोक ठरवणं ही सर्रास होणारी चूक. डोळ्यांची पातळी थोडी खाली-वर झाली तरी मागे एक भोक चुकतं आणि रेल दीड सेंटिमीटरनं तिरपी बसते. आम्ही पुढच्या आणि मागच्या, डाव्या आणि उजव्या, अशा चारही पोस्टवर त्या यूच्या तळच्या भोकाशी मार्करनं ठिपका देतो किंवा रंगीत टेपचा तुकडा लावतो. चार ठिपके दिल्याशिवाय रेल हातात घ्यायची नाही. रॅकवर आकडे छापलेले असतील तर एक जास्तीची खात्री: काही रॅकमध्ये आकडे वरून खाली जातात, काहींमध्ये खालून वर. पुढे एक आणि मागे दुसरी पद्धत असलेले जुने रॅकही असतात.

भोकाचा आकारही महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हर रॅकना ९.५ मिमीची चौकोनी भोकं असतात आणि त्यात एम६ चे केज नट (भोकात अडकवायचे नट) बसतात. बिनस्क्रूच्या रेलच्या टोकाला चौकोनी भोकात बसणाऱ्या खुंट्या असतात. गोल भोकांसाठी वेगळ्या, बारीक खुंट्या येतात आणि त्या आधी बदलून घ्याव्या लागतात. चौकोनी भोकात गोल खुंटी बसवली तर ती बसल्यासारखी वाटते, पण भोकात खेळते आणि रेल खाली झुकते.

स्क्रूचं एक प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेहून आलेल्या किटमध्ये कधी १०-३२ तर कधी १२-२४ मापाचे स्क्रू असतात. १०-३२ चा बाहेरचा व्यास ४.८३ मिमी. एम६ नटच्या आतल्या आट्यांचा व्यास याहून किंचित जास्त असतो, त्यामुळे तो स्क्रू एकही आटा न पकडता सरळ आत जातो. हे लगेच कळतं, म्हणून यात धोका कमी. १२-२४ मात्र फसवतो. त्याचा व्यास जवळपास ५.५ मिमी आणि आट्यांमधलं अंतर १.०६ मिमी. एम६ चं अंतर १ मिमी. दोन्ही इतके जवळ आहेत की स्क्रू दोन-तीन फेरे छान फिरतो, घट्टही वाटतो, पण आटे अर्धवटच धरतो आणि भार आला की घसरतो. शंभर किलोची पेटी अशा स्क्रूवर सोडणं म्हणजे हवेवर सोडणं. किटमधले स्क्रू केज नटच्या पिशवीत ओतायचे नाहीत. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या ठेवायच्या आणि शंका आली तर स्क्रू नटमध्ये हातानं शेवटपर्यंत फिरवून बघायचा. एम६ मध्ये एम६ बोटानं शेवटपर्यंत जातो.

रेल तीन तऱ्हेच्या मिळतात. पहिली स्थिर रेल, म्हणजे नुसता आधार. सर्व्हर तिच्यावर ढकलायचा आणि पुढे स्क्रूनं बांधायचा. काढायचा झाला तर पूर्ण उचलावा लागतो. दुसरी छऱ्यांवर सरकणारी, वरून ठेवायची. सर्व्हरच्या दोन्ही कडांना खिळ्यांसारख्या खुंट्या असतात आणि त्या बाहेर काढलेल्या रेलच्या वर उघड्या खाचांमध्ये बसतात. तिसरीत आतली पट्टी आधी सर्व्हरच्या अंगाला लावायची आणि मग पट्टीसकट सर्व्हर रेलच्या तोंडात समोरून सरकवायचा. कुठली रेल आहे यावर उचलण्याचं साधन ठरतं. वरून ठेवायच्या रेलमध्ये सर्व्हर दोन पट्ट्यांच्या मधोमध वरून खाली यावा लागतो, त्यामुळे खालून आधार देणारा सपाट फळा तिथे अडचणीचा होतो. समोरून घालायच्या रेलला तोच फळा उत्तम. लिफ्ट, म्हणजे सर्व्हर उचलायची चाकांची गाडी, भाड्यानं मागवण्याआधी हे बघितलं नाही तर ती येते आणि नुसतीच उभी राहते.

रेल लावताना पट्टीवर डावी-उजवी आणि पुढची बाजू खोदलेली असते, ती वाचावी. मागचं टोक आधी भोकात घालायचं, मग रेल ओढून पुढचं टोक पोस्टपर्यंत आणायचं. खटका पोस्टवर पडल्याचा आवाज ऐकू यायला हवा, पण आवाजावर भागत नाही. रेल हातात धरून पुढे-मागे आणि वर-खाली जोरात हलवायची. डेटा हॉलमध्ये पंख्यांचा गोंगाट इतका असतो की आवाज अर्ध्या वेळा ऐकूच येत नाही. खटक्याचं नाक पोस्टच्या कडेमागे गेलेलं डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

स्क्रूच्या रेल असतील तर आम्ही सगळे स्क्रू लगेच आवळत नाही. पुढचे घट्ट, मागचे बोटानं टेकवलेले. सर्व्हर रेलवर चढवून पूर्ण आत ढकलला की मागची दोन टोकं आपसूक सर्व्हरच्या रुंदीशी जुळतात, तेव्हा मागचे स्क्रू आवळायचे. मग पुढचे थोडे सैल करून पुन्हा आवळायचे, म्हणजे पुढची बाजूही जुळते. आधीच सगळं करकचून आवळलं तर दोन रेल एकमेकींना समांतर राहिल्या की नाही हे कळतच नाही. जड पेटीसाठी मागचे स्क्रू सैल ठेवताना पुढची दोन टोकं आणि मधला आधार पक्के आहेत ना, हे दोघांनी मिळून बघितलेलं असावं. ज्या मॉडेलच्या पत्रकात आधी आवळा असं लिहिलंय तिथे ते मानायचं.

समोरून घालायच्या रेलमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक छऱ्यांची आहे. रेलच्या मधल्या, सरकणाऱ्या पट्टीच्या आत छर्रे धरून ठेवणारी एक पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची जाळी असते आणि ती मोकळी पुढे-मागे सरकते. सर्व्हर घालण्याआधी ही जाळी पार पुढे, रेलच्या तोंडाशी ओढून आणलेली असली पाहिजे. ती मागे राहिली तर आतल्या पट्टीचं टोक तोंडाशी छऱ्यांवर न बसता थोडं आत जाऊन जाळीच्या कडेवर आदळतं. पन्नास किलोच्या पेटीमागे दोन माणसांचा जोर असतो, त्यामुळे हाताला फारसं काही जाणवत नाही. जाळी दुमडते आणि छर्रे सुटून लादीवर पडतात. एकदा असं झालं की ती रेल कायमची गेली, छर्रे वेचून परत बसत नाहीत. वर हे छर्रे हवेसाठी भोकं असलेल्या लादीतून जमिनीखालच्या केबलमध्ये जातात ते वेगळंच. म्हणून सर्व्हर उचलण्याआधी एक जण दोन्ही रेलच्या तोंडात बोट घालून जाळी पुढे आहे याची खात्री करतो आणि ती मोठ्यानं सांगतो.

आतली पट्टी सर्व्हरच्या अंगाला लावताना चावीच्या भोकासारख्या खाचा खुंट्यांवर ठेवून पट्टी पुढे-मागे सरकवायची असते. शेवटी एक छोटी जीभ वर उठते, ती उठली म्हणजे पट्टी अडकली. जीभ न उठता पट्टी नुसती खुंट्यांवर टेकलेली असेल तर सर्व्हर बाहेर ओढताना पट्टी रेलमध्ये राहते आणि सर्व्हर हातात येतो.

आता माल. खोके डेटा हॉलमध्ये न्यायचे नाहीत. पुठ्ठ्याचा भुसा हवेबरोबर सर्व्हरांमध्ये जातो, म्हणून उघडणं स्टेजिंग रूममध्येच (माल उघडून तयार करायच्या खोलीत). गाडीतून उतरवताना माथाडी किंवा वाहतूकदाराची माणसं असतात. त्यांच्यासमोरच खोक्यावरचे कल आणि धक्का दाखवणारे स्टिकर बघायचे आणि लाल झाले असतील तर पावतीवर लिहूनच सही करायची. वातानुकूलित गोदामातून पावसाळ्याच्या दमट हवेत आलेल्या थंड लोखंडावर पाणी धरतं, त्यामुळे आतली पिशवी लगेच फाडू नये. पेटी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. आणखी एक गोष्ट: रेलचा खोका बऱ्याचदा वरच्या थर्माकोलमध्ये किंवा बाजूच्या कप्प्यात असतो आणि पॅकिंगबरोबर कचऱ्यात जातो. खोके टाकण्याआधी रेल दोन, केबलचा हात एक, स्क्रूची पिशवी एक, असं मोजून बाजूला ठेवायचं.

उचलण्याआधी वजन कमी करायचं. साठ डिस्कच्या पेटीतल्या साडेतीन इंची डिस्क प्रत्येकी सुमारे ७०० ग्रॅमच्या असतात, म्हणजे साठ डिस्कचं वजन ४२ किलो होतं. त्या काढल्या की पेटीचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. पॉवर सप्लायही काढता येतात. जुनी पेटी हलवायची असेल तर डिस्क काढताना प्रत्येकीवर खणाचा क्रमांक लिहावा आणि त्या मूळ खणातच परत जाव्यात. काही प्रणाल्या डिस्क कुठेही असली तरी ओळखतात, काही ओळखत नाहीत, आणि ते तपासायची वेळ ही नव्हे.

माणसं किती, याचे आकडे ठरलेले आहेत. आयबीएमच्या यंत्रांवरच्या लेबलात १८, ३२ आणि ५५ किलो असे टप्पे आहेत: १८ च्या वर दोघे, ३२ च्या वर तिघे, ५५ च्या वर चौघे. आमचा नियम याहून कडक आहे. ३२ किलोच्या वर किंवा खांद्याच्या वर जाणारं काहीही लिफ्टनंच. चौघं एका सर्व्हरभोवती उभी राहिली तर रॅकसमोर पाय ठेवायला जागा राहत नाही आणि कुणाचा हात कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही. सर्व्हर कधीही पॉवर सप्लायच्या मुठीला, डिस्कच्या खणाला किंवा पुढच्या कानांना (रॅकला अडकणाऱ्या कडांना) धरून उचलायचा नाही. हे भाग ओढण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नसतात. दोन्ही तळवे तळाखाली.

लिफ्ट हॉलमध्ये नेताना उंचावलेल्या, म्हणजे खाली पोकळी ठेवून लाद्या टाकलेल्या, जमिनीचा विचार करावा. ६०० बाय ६०० मिमीच्या लाद्यांवरून लिफ्ट आणि पेटी मिळून अडीच-तीनशे किलो चार छोट्या चाकांवरून जातात. भोकांच्या लाद्यांवरून जाऊ नये. जावंच लागलं तर प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा टाकून. रॅकच्या ओळींमधली थंड हवेची गल्ली अनेक ठिकाणी दोन लाद्यांएवढी म्हणजे १२०० मिमी असते. त्यात ९०० मिमी खोल पेटी समोरून घालायची तर लिफ्ट गल्लीच्या लांबीत उभी करून बाजूनं पेटी सरकवावी लागते. हे आदल्या दिवशी रिकाम्या लिफ्टनं करून बघितलेलं बरं.

समोरून घालताना लिफ्टचे ब्रेक लावायचे आणि फळा रेलच्या तोंडापेक्षा किंचित खाली आणायचा. मग थोडं थोडं वर घेत आतल्या पट्ट्यांची टोकं मधल्या पट्ट्यांच्या बरोबर समोर आणायची. दोन जण दोन बाजूंनी वाकून बघतात, एक जण लिफ्ट चालवतो आणि बोलतो फक्त एकच. दोन्ही टोकं एकाच वेळी आत शिरली पाहिजेत. एक बाजू शिरली आणि दुसरी अडली तर ढकलायचं नाही, पूर्ण मागे घेऊन पुन्हा नेम धरायचा. पट्ट्या आत जाऊन दोन्ही बाजूंचे खटके पडले की पेटी रेलवर लटकली आहे. तरीही फळा लगेच काढायचा नाही. तो दोन-तीन मिमी खाली घ्यायचा आणि रेल भार घेते आहे का ते बघायचं. नंतर दोन्ही बाजूंचे खटके दाबून पेटी आत. ढकलताना अंगठे आत राहू देऊ नका. खटका रेलच्या मध्यावर असतो आणि पेटी सरकताना तो पोस्टजवळून जातो, बोट तिथेच चेंगरतं.

वरून ठेवायच्या रेलमध्ये दोन्ही पट्ट्या खट् होईपर्यंत बाहेर काढायच्या. मागच्या खुंट्या आधी मागच्या खाचांत, मग सर्व्हर हळूहळू खाली झुकवत मधल्या आणि पुढच्या. सगळ्या खुंट्या बसल्यावर पुढचा खटका पडतो. एक खुंटी खाचेच्या काठावर राहिली तरी सर्व्हर बसल्यासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक खाचेत डोकावून बघायचं, टॉर्च घेऊन.

पहिल्या खेपेला रेल थोडी जड चालते, तसं चालतं. पण ती कुठे जड होते ते लक्षात ठेवलं तर कारण सापडतं. सुरुवातीलाच अडली तर जाळी मागे आहे किंवा पुढचं एक टोक चुकीच्या भोकात आहे. मध्ये सगळीकडे सारखीच जड असेल तर दोन रेल समांतर नाहीत किंवा रॅक तिरका आहे. शेवटच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये अडली तर मागच्या पोस्ट जवळ आल्या आहेत, किंवा मागे पीडीयूची वायर, प्लग, केबलची गाठ मध्ये आली आहे. मागे जाऊन बघितल्याशिवाय जोर लावायचा नाही. पेटी आत गेल्यावर आपोआप बाहेर सरकत असेल तर कानाचा खटका पडलेला नाही, आणि तो पडूनही सरकायचा कल असेल तर रॅक पुढे झुकला आहे.

रॅक उलटण्याचं गणित एकदा कागदावर करून बघावं, म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. रिकामा ४२ यूचा रॅक १२० किलोचा धरू. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून सुमारे ४५ सेंटिमीटर मागे. म्हणजे मागे खेचणारी बाजू १२० गुणिले ४५, ५४००. आता शंभर किलोची पेटी पूर्ण बाहेर काढली आणि तिचा मध्य पायांच्या ४० सेंटिमीटर पुढे आला, तर पुढे ओढणारी बाजू ४०००. रॅक अजून उभा आहे. एक माणूस डिस्क बदलायला पेटीवर वाकला आणि ४० किलोचा भार हातांनी टेकला, की आणखी १६००. बेरीज ५६००. रॅक पुढे येतो. हेच तळाशी ३० किलोचे चार सर्व्हर आधी बसवलेले असते तर मागे खेचणारी बाजू दुप्पट, १०८०० झाली असती. खालून वर भरत जा, एका वेळी एकच यंत्र बाहेर काढा, पुढचा आधाराचा पाय ओढल्याशिवाय काहीही बाहेर काढू नका, हे तिन्ही नियम या एका हिशेबात आहेत. आयईसी ६२३६८-१ या सुरक्षा मानकात सरकत्या रेलवरच्या यंत्रांसाठी वेगळं कलम आहे. त्यात बाहेर काढलेल्या अवस्थेत खाली दाब, बाजूनं ढकलणं आणि शेवटचा अडसर टिकतो का, अशा चाचण्या आहेत. तरीही यंत्रावर लिहिलेलं असतं की बाहेर काढलेल्या यंत्राचा फळी किंवा टेबल म्हणून वापर करू नये. त्यावर लॅपटॉप ठेवून काम करणारे रोज दिसतात.

डिस्क भरायची वेळ पेटी आत बसल्यानंतरची. कंपनीनं क्रम दिला असेल तर तो, नाहीतर मागच्या ओळीपासून पुढे, म्हणजे वजन रॅककडे राहतं. पेटी गरजेपुरतीच बाहेर काढायची. चालू पेटी ओढताना झटका द्यायचा नाही आणि शेवटच्या अडसरावर आदळू द्यायची नाही. फिरणारी डिस्क बंद डिस्कपेक्षा खूपच कमी धक्का सोसते, आणि पेटीतल्या साठही डिस्क एकाच वेळी तो धक्का खातात.

केबलचा हात लावायचा की नाही यावर मतं आहेत. ज्या पेट्या चालू असताना बाहेर काढायच्या असतात, त्यांना हात हवाच. इतरांना तो मागची गरम हवा अडवतो आणि पॉवर सप्लाय काढताना आडवा येतो, म्हणून आम्ही तो टाळतो आणि वेल्क्रोनं बांधलेला सैल वेढा ठेवतो. हात लावला तर केबलची लांबी मागच्या पोस्टपासून मोजून किमान एक मीटर जादा धरावी. दोन मीटरची एसएएस केबल (डिस्कची पेटी जोडायची) इथे हमखास अपुरी पडते. वीज जोडण्याआधी पेटी एकदा पूर्ण बाहेर काढून आत घालायची आणि एकानं मागे उभं राहून प्रत्येक केबल बघायची: कुठली ताणली जाते, कुठली दुमडते, कुठली कडेवर घासते. पॉवर केबल पेटीच्या बाजूनं निसटू नये म्हणून अडकणाऱ्या प्लगच्या घ्याव्यात. रॅकचं अर्थिंग आणि पेटीची अर्थची वायर याच वेळी.

खाली उतरवताना सगळा क्रम उलटा: आधी लिफ्ट जागेवर आणि फळा तळाला टेकलेला, मगच खटके. काही कंपन्यांच्या रेलमध्ये एका बाजूचा खटका वर उचलायचा आणि दुसऱ्या बाजूचा खाली दाबायचा असतो. दोन्ही माणसं सारखंच करत राहिली तर एक बाजू सुटते, पेटी तिरकी होते आणि तिथेच रुतते. बाहेर काढण्याआधी दोघांनी आपापल्या बाजूचा खटका कुठल्या दिशेचा आहे ते सांगावं. पेटी उतरली की आतल्या पट्ट्या तिच्यावरच राहतात. पेटी कंपनीला परत जाणार असेल तर त्या काढून, डावी-उजवी लिहून, रॅकमधल्या बाहेरच्या रेलला टेपनं बांधून ठेवायच्या. बदली पेटी बहुतेक वेळा रेलशिवाय येते आणि दुसऱ्या पिढीची तशीच दिसणारी पट्टी त्या रेलमध्ये अर्ध्यापर्यंत जाऊन अडकते.